पुढचा रुपया कुणाला: वजन उतरवणाऱ्या क्लिनिकला की खाण्याच्या विकारांना?

दोन्ही प्रस्ताव एकाच बैठकीत येतात तेव्हा लठ्ठपणाचा जाडजूड असतो. त्यात आलेख असतात, यंत्रांची कोटेशनं असतात. खाण्याच्या विकारांचा (उपाशी राहणं, अनावर खाणं, खाऊन उलट्या करणं) असतो दोन पानांचा, आणि त्यातलं अर्धं पान ‘हे आपल्याकडेही आहे’ एवढं पटवण्यातच संपतं. वाचणारा तिथेच पहिल्याकडे झुकतो. त्याला दोष देता येत नाही, कारण गोव्यात लठ्ठपणाची बाजू खरोखर भक्कम आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात चारातल्या साधारण एका बाईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ किंवा त्यावर होता, गोव्यात तीनातल्या एकीचा. शिवाय आपल्या बांध्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो, म्हणून इथे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेची मर्यादा पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८०. हे माप घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहिलं तर क्लिनिकला गिऱ्हाईक कमी पडायचं नाही.

पण या कामाचा पाया घातलेला आहे. तिशीपुढच्यांची तपासणी, आरोग्य केंद्रातली रक्तदाब-साखरेची ओपीडी, गोळ्यांचा पुरवठा हे रडतखडत का होईना चालू आहे. त्यामुळे पुढची सगळी तुलना फक्त नव्याने हाती येणाऱ्या पैशाची.

लठ्ठपणाच्या बाजूला नवा पैसा जातो कुठे

मुख्यतः इंजेक्शनांत आणि शस्त्रक्रियेत. आहाराचा सल्ला स्वस्त आहे, तो वेगळा मागावा लागत नाही.

इंजेक्शनं काम करतात, यात शंका नको. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत चढलं. म्हणजे हा खर्च रक्तदाबाच्या गोळीसारखा, कायमचा. मार्च २०२५ मध्ये भारतात टिर्झेपॅटाइड हे त्याच कामाचं दुसरं इंजेक्शन आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांची होती. आठवड्याला एक, महिन्याला चार, म्हणजे १७,५०० रुपये आणि वर्षाला २ लाख १० हजार. त्या भावाने दहा लाखांत पाच माणसंही भागत नाहीत. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, तेव्हा कंपन्यांच्या चढाओढीत भाव खाली येणं क्रमप्राप्त आहे. म्हणून नुसत्या किमतीवर कुणी नाही म्हणत असेल तर तो युक्तिवाद फार दिवस टिकणारा नाही.

औषध स्वस्त झालं तरी पाठपुरावा स्वस्त होत नाही. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत १६ आठवड्यांनी २.४ वर न्यायचं असतं. घाई केली की मळमळ, उलट्या, आणि दुसऱ्या महिन्यात रुग्ण गायब. वजन फार भरभर उतरलं तर पित्ताशयात खडे. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि साठीतल्या बाईला ते महागात पडतं. आठवड्याची सुई लिहून देणं दोन मिनिटांचं काम. हे सगळं बघणारी नर्स आणि आहारतज्ज्ञ मात्र प्रस्तावात नसतात.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात: २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने मर्यादा खाली आणली, आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून विचार करावा असं म्हटलं. निवडक मधुमेहींना तिचा फायदा मोठा आहे. पण नंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. शस्त्रक्रियेनंतर उलट्या सुरू राहिल्या आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं नाही तर मेंदूवर परिणाम होतो. थायमिनचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या बाजूला पैसा काय विकत घेतो

माणसं, दोन खाटा आणि एक कागद. इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. मंजुरीत अडचण येते तीही याचमुळे: फीत कापण्यासारखं काही नसतं.

आधी खाटा. ॲनोरेक्सियाने, म्हणजे वजनाच्या धास्तीने उपाशी राहण्याच्या आजाराने, खंगलेल्या मुलीला वाचवायचं तर पहिला आठवडा मेडिसिनचा असतो. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासणं, ईसीजी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब. बीएमआय १६ च्या खाली, किंवा तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेलं, किंवा दहा दिवसांहून जास्त काळ पोटात जवळपास काही नाही: यांपैकी एकही असेल तर जेवण परत सुरू करणं हाच धोका ठरतो. जेवण वाढवण्याआधी थायमिन, दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, पहिले दहा दिवस. उपचारांची मार्गदर्शक सूत्रं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची जुनी सूचना दिवसाला किलोमागे १० किलोकॅलरीपासून सुरुवात करण्याची. ॲनोरेक्सियात हल्ली थोडं जास्तीने सुरू करतात, कारण अति जपण्याच्या नादात रुग्ण वॉर्डातही उपाशीच राहतो.

बिघडतं बहुतेक वेळा खाटेपर्यंत पोचण्याआधीच. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हा आपला घरगुती उपाय. डेक्स्ट्रोजची बाटली चढली की इन्सुलिन उसळतं, ते रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढून नेतं, साखर वापरताना शरीरातलं उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत हृदयाची लय बिघडू शकते, आणि बाटली लावल्यामुळे घरचे मात्र निर्धास्त असतात. तालुक्यातल्या डॉक्टरांना एका दुपारच्या प्रशिक्षणात एवढी एक गोष्ट शिकवली तरी तो पैसा वसूल.

खाट कुणाच्या नावावर, हा भारतभरचा तिढा. मुलीचं पोटॅशियम २.८ इतकं घसरलेलं असताना मनोविकार वॉर्डाला ती झेपत नाही. पोटॅशियम सुधारलं की मेडिसिनला ती रुग्ण वाटत नाही. गोव्याची जमेची बाजू अशी की गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि मनोविकार संस्था दोन्ही बांबोळीत आहेत. दोन खाटा, दोन्ही विभागांची रोजची संयुक्त फेरी आणि जेवणानंतर तासभर रुग्णासोबत बसणारी एक प्रशिक्षित परिचारिका. एवढंच मागायचं, पण लेखी मागायचं.

आता माणसं. खाण्याच्या विकारांसाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार आणि सवयी बदलणारं समुपदेशन) २० सत्रांची असते, वजन फार कमी असेल तर ४० पर्यंत जाते. एका समुपदेशकाने आठवड्याला २० सत्रं घेतली, वर्षाचे ४५ आठवडे धरले, तर ९०० सत्रं होतात. कागदावर ४५ रुग्ण. गैरहजेरी, वरिष्ठांचं पर्यवेक्षण आणि ४० सत्रांवाले मिळवले की ३० धरावेत. बुलिमिया (भरपूर खाऊन मग उलट्या करणं) आणि बिंज इटिंगच्या (अनावर खाण्याच्या) प्रौढ रुग्णांसाठी नाइसने २०१७ मध्ये पहिली पायरी याहून हलकी सांगितली आहे: स्व-मदतीची पुस्तिका आणि १६ आठवड्यांत ४ ते ९ भेटी, प्रत्येकी सुमारे २० मिनिटांची. कोकणी-मराठीत चांगली पुस्तिका लिहून घेणं हा एकदाचाच खर्च.

या भेटी घेणार कोण, याचं अर्धं उत्तर गोव्याकडे आधीच आहे. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने इथल्याच आरोग्य केंद्रांत साध्या, बिगर-डॉक्टर समुपदेशकांना शिकवून नैराश्य आणि दारूवर उपचार करून दाखवले, ते निकाल २०१० आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर वाचले गेले. ते काम खाण्याच्या विकारांवरचं नव्हतं, हे प्रस्तावात प्रामाणिकपणे लिहावं. ॲनोरेक्सिया अशा समुपदेशकावर सोपवू नये. पण पुस्तिका हातात धरून बिंज इटिंगच्या सहा भेटी घेणं त्याच्या आवाक्यातलं आहे, आणि काणकोणच्या बाईला त्यासाठी दर आठवड्याला बांबोळीची बस धरावी लागणार नाही.

किशोरवयीन मुलींसाठी कुटुंबाधारित उपचार सर्वांत उपयोगी. सुरुवातीच्या टप्प्यात आईवडील तिन्ही जेवणांचा ताबा घेतात. इथली खास अडचण अशी की कित्येक घरांत वडील बोटीवर किंवा आखातात, आई एकटी. मग आजी किंवा मावशी सत्रात बसवावी लागते, आणि ‘गे बाय, जेवली नाहीस तर जाऊ दे’ म्हणणारी आजी आधी आपल्या बाजूला वळवावी लागते.

ज्या गोष्टीपायी कौल फिरला

वजनकाटा. खरं म्हणजे काट्याशेजारच्या रजिस्टरातला ‘किती किलो कमी’ हा रकाना.

लठ्ठपणाच्या कार्यक्रमात यशाचं माप तेवढंच असतं. बीएमआय २८ ची कॉलेजातली मुलगी येते, चार महिन्यांत बारा किलो उतरवते, रजिस्टरात तिच्यापुढे बरोबरची खूण पडते. ती जेवल्यावर उलट्या करते हे विचारणारा रकाना नाही. गाल सुजलेले, दातांचं इनॅमल झिजलेलं, पाळी थांबलेली. दंतवैद्याला एक तुकडा दिसतो, स्त्रीरोगतज्ज्ञाला दुसरा, आणि वजनाच्या क्लिनिकात तिचं कौतुक होतं. टाइप १ मधुमेहाच्या मुली वजन उतरावं म्हणून इन्सुलिन चुकवतात, तेही काट्यावर यश म्हणूनच दिसतं; खरं काय ते एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी) वाढल्यावर कळतं. पैशाने आजार वाढवायचा आणि त्याच आजाराला निकाल म्हणून छापायचं, असा हा प्रकार. एकदा तो लक्षात आला की अहवालातल्या किलोंवर विश्वास बसत नाही.

दुसऱ्या टोकाला बिंज इटिंगचे रुग्ण. वजन कमी करायला येणाऱ्यांत ते कमी नसतात. त्यांच्या हातात १,२०० कॅलरींचा तक्ता पडतो. सकाळी उंडो बंद, दुपारी शीत बंद, आणि रात्री दहाला फ्रिजसमोर उभं राहून सगळं भरून काढणं. महिन्याने शेरा येतो, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. उपाशी ठेवण्यानेच तो झटका येतो, हे तक्ता देणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून तो एक कागद: ‘स्कॉफ’ नावाची, १९९९ पासून वापरात असलेली पाच प्रश्नांची चाचणी. दोन ‘हो’ आले की पुढे पाठवायचं. जशीच्या तशी भाषांतरित मात्र करू नये. मूळ प्रश्नात तीन महिन्यांत एक ‘स्टोन’ वजन गेलं का असं विचारतात. आपण सहा किलो लिहावं. ‘स्वतःला जाड समजता का’ यावर आपल्याकडच्या मुली नाही म्हणतात आणि ते खरंही असतं, कारण त्यांची तक्रार पोट फुगतं, घास उतरत नाही, श्रावण आहे, लेंट (ख्रिस्ती उपवासाचा काळ) आहे अशी येते. सण संपला तरी उपवास चालू आहे का, हा प्रश्न जोडावा. याला मिनिट-दोन मिनिटं लागतात.

विरुद्ध बाजूचं राहिलेलं

संख्येत लठ्ठपणाच जिंकतो, आणि सार्वजनिक पैशात संख्येला मान असायलाच हवा. शिवाय मनोविकाराच्या पाटीखाली बसायला लोक तयार नसतात, त्यामुळे पहिल्या वर्षी समुपदेशकाच्या खुर्चीसमोर कुणीच दिसणार नाही, आणि वित्त खातं तेवढ्यावरून पद गोठवू शकतं. उलट बाजूला मृत्यू आहेत: मनाच्या आजारांत ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वांत वरच्यांत गणला जातो, आणि जाणारी बहुधा तरुण असतात.

इंग्लंडने दोन्हीकडे पैसा टाकला, पण रीत वेगळी ठेवली. मुलांच्या खाण्याच्या विकारांना मुदत बांधली: तातडीचं असेल तर एका आठवड्यात, नाहीतर चार आठवड्यांत उपचार सुरू, आणि हे ९५ टक्के मुलांच्या बाबतीत. वजनाच्या इंजेक्शनाला २०२५ पासून रांग लावली: पहिल्या वर्षी बीएमआय ४० आणि सोबत चार आजार असलेल्यांनाच. मुदत पाळणं त्यांनाही जड गेलं. तरी कुठे थांबवून चालतं आणि कुठे नाही, हा फरक त्यांनी कागदावर आणला, आणि तो मला पटतो. पन्नाशीतल्या माणसाची सुई तीन महिन्यांनी सुरू झाली तर फार बिघडत नाही. फॉस्फेट कोसळलेल्या मुलीकडे तीन दिवसही नसतात.

तुमच्या तालुक्याचं गणित वेगळं असू शकतं. माझा कल असा, की पहिली तीन वर्षं नव्या शंभरातले साठ खाण्याच्या विकारांकडे जावेत: त्यांतले निम्मे समुपदेशक आणि त्यांच्या पर्यवेक्षणावर, उरलेले दोन खाटा, पुस्तिका आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर. चाळीस लठ्ठपणाला, तेही औषधाआधी नर्स आणि आहारतज्ज्ञावर. साठ मिळणार नसतील आणि सगळे शंभर वजनाच्या क्लिनिकलाच जाणार असतील, तर मंजुरीच्या पत्रात एक अट घालून घ्या: रजिस्टरात ‘किती किलो’च्या आधी तीन रकाने येतील. पाच प्रश्नांचा निकाल, शेवटची पाळी कधी, आणि वजन भरभर उतरत असेल तर पोटॅशियम किती. छापायला टाकण्याआधी रजिस्टराचा नमुना स्वतः बघा. रकाने कमी करायची वेळ आली की हेच तीन आधी गाळले जातात.