रेक सॉफ्टबॉलमध्ये ट्रॅव्हलच्या मुली: स्प्रिंग आणि फॉल सीझननंतरचा अनुभव

आमची मुलगी न्यू जर्सीत आमच्या टाउनच्या रेक सॉफ्टबॉल लीगमध्ये १२-यू (१२ वर्षांपर्यंतच्या मुलींच्या) गटात स्प्रिंग आणि फॉल असे दोन्ही सीझन खेळली. या लीगमध्ये ट्रॅव्हल टीमच्या, म्हणजे ट्रायआउट घेऊन निवडलेल्या क्लबच्या टीमच्या, मुलींनाही खेळायची मुभा आहे. नाव नोंदवायच्या आधी ओळखीच्या पालकांना विचारलं तर अर्धे म्हणाले, ‘ट्रॅव्हलच्या मुली असतील तिथे घालूच नका, तुमच्या मुलीच्या बॅटला चेंडूही लागणार नाही.’ उरलेले म्हणाले, ‘त्यांच्यामुळेच तर खेळ सुधारतो.’ दोन्ही बाजू आता जवळून पाहून झाल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. ट्रॅव्हलच्या मुली रेकमध्ये जरूर असाव्यात, पण त्यांच्या पिचिंगवर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकण्यावर, मर्यादा घालणारा नियम लेखी असेल आणि तो खरोखर पाळला जात असेल तरच. माझ्या लेखी बाकीच्या सगळ्या तक्रारी या नियमानंतर येतात.

ज्यांना इथली पद्धत नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रेक म्हणजे टाउनची लीग. नाव नोंदवलं की प्रत्येक मुलीला जागा मिळते, कोच म्हणजे कोणाचे तरी आई-वडील, सामने घराजवळच्या पार्कात, स्प्रिंगमध्ये एप्रिल ते जून. आमच्याकडे फी दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात आहे, त्यात जर्सी, व्हायझर आणि मोजे आले. ट्रॅव्हल म्हणजे ट्रायआउट घेऊन निवडलेली क्लबची टीम. हिवाळ्यातही इनडोअर सराव, शनिवार-रविवार टूर्नामेंट, कधी पेनसिल्व्हेनियात तर कधी डेलावेअरमध्ये, आणि हॉटेल, पेट्रोल धरून वर्षाचा खर्च काही हजार डॉलर. एवढी धावपळ कशासाठी, तर बहुतेकांच्या मनात कॉलेज असतं. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांनाही जागा द्यावी लागली आणि पुढे सॉफ्टबॉलमध्ये शिष्यवृत्त्या आल्या. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिच्या नियमाप्रमाणे सर्वात वरच्या डिव्हिजन वनच्या कोचना मुलगी अकरावीत जाईपर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत, तिच्याशी रिक्रूटिंगबद्दल बोलता येत नाही. तरी पाचवी-सहावीतल्या मुलींच्या पालकांना आत्तापासूनच घाई असते, आणि मला त्यांचा रागही येत नाही. आपल्याकडे आठवीपासून जेईईचे क्लास लावणारे आपणच असतो.

आता मूळ मुद्दा. १२-यू मध्ये येताना मुलींसाठी एकाच वेळी बरंच काही बदलतं. १०-यू ला चेंडू ११ इंच घेराचा आणि पिचर ३५ फुटांवर, इथे चेंडू १२ इंचांचा आणि अंतर ४० फूट. शिवाय तिसरी स्ट्राइक (बॅटरने हुकवलेला किंवा सोडलेला योग्य चेंडू, तीन झाल्या की आउट) कॅचरच्या हातून सुटली तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येतं, जे आमच्या लीगमध्ये १०-यू ला नव्हतं. क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा दोघांना हा नियम पचायलाच काही आठवडे लागले. या सगळ्यात समोर ट्रॅव्हलची पिचर आली की काय होतं ते आकड्यांत बघा. या वयाची चांगली ट्रॅव्हल पिचर ताशी ५० मैलांच्या आसपास टाकते. ४० फुटांवरून तो चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. रेकची नवी पिचर ३५ मैलांनी टाकते तेव्हा बॅटरला पाऊण सेकंद मिळतो. तो पाव सेकंद आमच्या मुलींकडे नव्हता. स्प्रिंगच्या सुरुवातीच्या एका सामन्यात समोरच्या टीममध्ये अशा दोन पिचर होत्या. पहिलीच्या तीन इनिंग झाल्या की दुसरी यायची. आमच्या टीमचे जवळजवळ सगळे आउट स्ट्राइकआउटने. पण मला जास्त वाईट वाटलं ते त्यांच्याच टीममधल्या रेकच्या मुलींचं. पिचर आणि कॅचर सोडून सात जणी मैदानात नुसत्या उभ्या, कोणाकडे एक चेंडू येत नाही. लहानपणी गल्लीत धाकट्या भावंडांना कच्चा लिंबू म्हणून खेळायला घ्यायचे, तशी त्यांची अवस्था त्यांच्याच लीगमध्ये झाली होती.

इथे थांबले असते तर मीही ‘नकोच’ म्हटलं असतं. पण मे महिन्यात एका शनिवारी कुठे तरी मोठी टूर्नामेंट होती आणि दोन्ही टीमच्या ट्रॅव्हलच्या मुली गैरहजर होत्या. वाटलं, आज बरोबरीचा खेळ होईल. पहिली इनिंग अर्धा तास चालली. वॉक (चार चेंडू चुकीचे पडले की बॅटरला फुकटात पहिला बेस), वॉक, चेंडू कॅचरच्या मागे, धावपटू पुढच्या बेसवर, पुन्हा वॉक. आमच्या लीगमध्ये एका इनिंगला पाच रन झाले की बाजू बदलते. बॅटला चेंडू न लागता पाच रन झाले आणि बाजू बदलली. सर्कलमध्ये, म्हणजे पिचरच्या जागी, उभी असलेली मुलगी रडवेली झालेली, आणि मैदानातल्या सात जणी त्या दिवशीही नुसत्या उभ्याच होत्या. सॉफ्टबॉलमध्ये पिचर स्ट्राइक टाकू शकली नाही तर खेळ सुरूच होत नाही. आणि स्ट्राइक टाकणं हे आठवड्यातून एकदा सराव करून येत नाही. ज्या मुली हिवाळाभर इनडोअर पिचिंग करतात त्यांना ते येतं, आणि या मुली ट्रॅव्हलच्या असतात. त्या नसत्या तर खेळ सोपा झाला असता असं मला आता वाटत नाही, तो बऱ्याचदा खेळच राहिला नसता.

आमच्या लीगचा नियम असा आहे: ट्रॅव्हलमध्ये खेळणारी पिचर एका सामन्यात जास्तीत जास्त तीन इनिंग टाकू शकते. ज्या टीममध्ये अशी एकच पिचर होती तिथे हा नियम फार छान चालला. पहिल्या तीन इनिंग खेळाला वेग यायचा, मग रेकची मुलगी सर्कलमध्ये यायची आणि ट्रॅव्हलची मुलगी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) किंवा कॅचर म्हणून उभी राहायची. ती कॅचर असली की नव्या पिचरचे सुटलेले चेंडू अडायचे, त्यामुळे नवी पिचर घाबरायची नाही. आमच्या मुलीने पिचिंग सुरू केलं ते या चौथ्या इनिंगमुळेच. सीझनच्या शेवटी ती एका इनिंगमध्ये तीनपैकी दोन बॅटरना तरी चेंडू खेळायला लावू लागली होती.

पळवाट आहे ती ड्राफ्टमध्ये. इव्हॅल्युएशनच्या दिवशी सगळ्या मुलींना गुण दिले जातात आणि कोच आळीपाळीने निवड करतात, पण कोच आणि असिस्टंट कोचच्या मुली आपोआप त्यांच्याच टीममध्ये जातात. ट्रॅव्हलच्या मुलींचे वडील बहुधा कोचिंगला पुढे असतात. दोन ट्रॅव्हल पिचरचे वडील एकमेकांचे असिस्टंट झाले की दोन्ही पिचर एका टीममध्ये, आणि तीन अधिक तीन म्हणजे सगळ्या सहा इनिंग भरल्या. वर सांगितलेली टीम अशीच बनली होती. नियम मोडला नव्हता, पण त्याचा हेतू संपला होता. मर्यादा मुलीला नको, टीमला हवी, असं पालकांच्या बैठकीत माझ्या नवऱ्याने सांगितलं, आणि फॉलपासून तसा बदल झाला: ट्रॅव्हलच्या सगळ्या पिचर मिळून एका सामन्यात तीन इनिंग. एवढ्या एका वाक्याने लीगचा चेहरा बदलला.

ट्रॅव्हलच्या मुलींकडून आमची मुलगी जे शिकली ते कोणत्याही क्लिनिकमध्ये (खेळाच्या छोट्या शिबिरात) मिळालं नसतं. पिच पडायच्या आधी प्रत्येक वेळी गुडघे वाकवून ग्लव्ह खाली ठेवायचा. उंच उडालेल्या चेंडूखाली मोठ्याने ‘माइन’ म्हणायचं. तिसरी स्ट्राइक सुटली की मागे न बघता पळायचं. कोच हे शंभरदा सांगतात, पण शेजारच्या बेसवर उभी असलेली बारा वर्षांची मुलगी हे करताना दिसली की दोन आठवड्यांत सगळ्या जणी करू लागतात. जूनच्या सुरुवातीला ओक्लाहोमा सिटीतली विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज टीव्हीवर असते. टीममधल्या मुली एकत्र बसून बघायच्या तेव्हा चेंज-अप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) कसा ओळखायचा हे त्यांना ट्रॅव्हलची मैत्रीणच समजावून सांगायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे सॉफ्टबॉल सामनेही तिथेच, ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत, ही बातमी मला याच मुलींनी सांगितली.

मग ट्रॅव्हलची मुलगी रेकमध्ये येते कशाला? आमच्या टीमच्या पिचरची आई मूळची कोल्हापूरची. ब्लीचर्सवर शेजारी बसायची, तिला मी सरळ विचारलं. म्हणाली, ‘अहो ताई, तिकडे बारा मुलींत चार पिचर आहेत. रविवारच्या सामन्यात हिला एक इनिंग मिळाली तर मिळाली. आणि एक वॉक गेला की ही कोचच्या तोंडाकडे बघते. इथे ही शाळेतल्या मैत्रिणींबरोबर खेळते, घरी येताना गाडीत बडबड करते.’ हे ऐकल्यावर माझा या मुलींकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. ती मुलगीही अकरा-बारा वर्षांचीच आहे, तिलाही टाउनमधल्या मैत्रिणी हव्यात. तिला बाहेर ठेवून रेकचं काही भलं होणार नाही. मुलींची संख्या कमी होत चाललेल्या टाउनमध्ये तर चार-पाच मुली गेल्या की एक अख्खी टीम कमी होते आणि शेजारच्या टाउनशी जोडून लीग चालवावी लागते.

सगळ्यांचा हेतू इतका स्वच्छ नसतो हेही खरं. काही जणी फक्त उन्हाळ्यातल्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक मुलींच्या, टीमसाठी नाव नोंदवतात. ऑल-स्टारमध्ये निवडलं जायचं तर टाउनच्या लीगमध्ये ठराविक सामने खेळावे लागतात, तेवढे खेळतात आणि बाकी शनिवारी दिसत नाहीत. अशा दिवशी टीमला आठच मुली उरतात आणि नववीच्या पाळीला आउट धरला जातो. अकरा वर्षांच्या मुलींना हे फार लागतं. माझ्या मते ऑल-स्टारच्या निवडीत हजेरीला स्पष्ट वजन हवं, आणि ते सीझनच्या सुरुवातीलाच जाहीर व्हायला हवं.

एका गोष्टीकडे ट्रॅव्हलच्या पालकांनी स्वतः लक्ष द्यावं असं कळकळीने वाटतं, ती म्हणजे हात. खालून टाकलेल्या चेंडूने खांद्याला काही होत नाही असा इथे जुना समज आहे. विंडमिल पिचिंगमध्ये (हात गोल फिरवून खालून चेंडू टाकण्यात) खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचरच्या तोडीचा असतो, हे अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या संघटनेने बेसबॉलसाठी २००७ पासून चेंडू मोजायला सुरुवात केली, पण सॉफ्टबॉलमध्ये तशी मोजणी नाही. शनिवार-रविवार टूर्नामेंटमध्ये चार-पाच सामने, मंगळवारी पिचिंगचा क्लास आणि बुधवारी रेक. हे सगळं एकत्र कोणीच मोजत नाही, कारण दोन्हीकडचे कोच एकमेकांशी बोलत नाहीत. न्यू जर्सीतले स्वयंसेवक कोच रटगर्स विद्यापीठाचं सेफ्टी क्लिनिक करतात, माझ्या नवऱ्यानेही केलं. तीन तासांचा चांगला अभ्यासक्रम आहे आणि त्याने कोचला कायद्याचं संरक्षणही मिळतं. पण दोन टीममध्ये खेळणाऱ्या मुलीच्या इनिंगची वही ठेवायचं काम पालकांनाच करावं लागणार. आमच्या पिचरची आई ती ठेवते, आणि बुधवारी गरज वाटली तर कोचला आधीच सांगते की आज ही फक्त पहिल्या बेसवर खेळेल.

पालकांच्या आरडाओरड्याबद्दल एकच. ट्रॅव्हलचे काही पालक रेकमध्येही तोच आवाज घेऊन येतात, आणि अंपायर बऱ्याचदा हायस्कूलचा मुलगा असतो. आपल्याच राज्यात डेप्टफोर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला की अंपायरशी हुज्जत घालणाऱ्याने आधी स्वतः तीन सामन्यांत अंपायर म्हणून उभं राहावं, मगच प्रेक्षकांत परत यावं. मला हा नियम मनापासून आवडतो आणि प्रत्येक टाउनने तो घ्यावा.

नाव नोंदवण्यापूर्वी लीगला इतकं विचारा: ट्रॅव्हल पिचरच्या इनिंगवर मर्यादा आहे का, ती मुलीमागे आहे की टीममागे, आणि असिस्टंट कोच ड्राफ्टच्या आधी ठरतात की नंतर. ‘आमचे कोच समजूतदार आहेत’ असं उत्तर आलं तर नियम लेखी नाही असं समजा. ज्या मुलीने आयुष्यात कधी ग्लव्ह घातलेला नाही तिला थेट १२-यू स्प्रिंगमध्ये न घालता आधी फॉलमध्ये घाला. फॉलमध्ये निकालाचं फारसं ओझं नसतं आणि चुका करायला जागा मिळते.

सामानाचं म्हणाल तर चारशे डॉलरची कॉम्पोझिट बॅट घेऊ नका. ट्रॅव्हलच्या मुलीच्या हातात ती दिसली की आपली मुलगीही मागते, पण पहिल्या दोन वर्षांत पन्नास-साठ डॉलरची ॲल्युमिनियमची बॅट पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर फील्डरच्या फेस मास्कवर करा. बेसमधलं अंतर ६० फूट असतं, बंटच्या (बॅटने चेंडू जवळच हलकेच ढकलण्याच्या) शक्यतेमुळे तिसऱ्या बेसवरची मुलगी त्याहूनही पुढे येऊन उभी असते, आणि ट्रॅव्हलच्या बॅटरने मारलेला चेंडू तिच्यापर्यंत डोळ्याचं पातं लवायच्या आत पोहोचतो. आमच्या लीगमध्ये मास्क फक्त पिचरला सक्तीचा आहे. आम्ही मुलीला तो तिसऱ्या बेसवरही घालायला लावतो. सुरुवातीला तिला संकोच वाटायचा. पण ट्रॅव्हलच्या मुली सगळ्या जागांवर मास्क घालतात हे बघितल्यावर तिने पुन्हा कधी कुरकुर केली नाही.