फेयेट की होपवेल : लोखंडाचा कोणता जुना कारखाना पाहावा?

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्या मुंबईकरांनी नायगारा पाहून झाल्यावर मिशिगनमधील फेयेट किंवा पेनसिल्वेनियातील होपवेल यांपैकी एक तरी ठिकाण पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सोयीच्या दृष्टीने होपवेल उजवे आहे. न्यू जर्सीहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, प्रवेशशुल्क नाही आणि जवळच तलाव आहे. १७७१ ते १८८३ या काळात चाललेल्या या कारखान्याची डागडुजी इतकी नेटकी आहे की, भट्टीला हवा पुरवणारे पाणचक्र आणि ओतशाळा पाहताना लोखंड कसे तयार होई, हे नातवंडांनाही सहज समजते.

फेयेट शिकागोहून मोटारीने सहा तासांहूनही लांब असल्यामुळे तिथे मुक्काम करावाच लागतो. तरीही माझा कौल फेयेटलाच आहे. मिशिगन सरोवराच्या काठी नैसर्गिक बंदर, भट्टीत घालायला कड्यातली चुनखडी आणि लोणारी कोळशासाठी कठीण लाकडाचे रान असे तिन्ही एकत्र मिळाले, म्हणून जॅक्सन आयर्न कंपनीने १८६७ मध्ये येथे भट्ट्या उभारल्या. निगॉनीच्या खाणीतले खनिज रेल्वेने एस्कनाबा बंदरापर्यंत येई आणि तिथून पाण्यावरून इथे पोहोचे. दोन भट्ट्यांनी सुमारे २ लाख २९ हजार टन कच्चे लोखंड दिले. पुढे रान संपत आले, दगडी कोळशाच्या कोकवर तयार होणारे लोखंड स्वस्त पडू लागले आणि १८९१ मध्ये भट्ट्या विझल्या. कंपनीच्याच जिवावर जगणाऱ्या जवळपास ५०० वस्तीच्या गावाचे तेव्हा काय झाले असेल, हे परळ-लालबागमध्ये गिरण्यांचे भोंगे बंद होताना ज्यांनी अनुभवले, त्यांना वेगळे सांगायला नको.

भट्ट्यांचे चुनखडीचे उंच मनोरे, कोळशाच्या भट्ट्यांचे अवशेष, कचेरी, हॉटेल आणि बंदरावर नजर ठेवता येईल असे व्यवस्थापकाचे घर, हे सारे पायी फिरून पाहता येते. काठावर धातुमळीचे, म्हणजे लोखंड वितळवताना उरलेल्या मळीचे, निळसर-हिरवे, काचेसारखे तुकडे विखुरलेले दिसतात. ते हातात घेऊन जरूर पाहावेत, मात्र तिथेच ठेवावेत.

फेयेटला मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच जावे, डास-माश्यांसाठी मलम आणि खाण्याचा डबा बरोबर न्यावा, तसेच मोटारीचा उद्यान-परवाना घ्यावा. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा हाताशी एकच दिवस असेल, तर मात्र निःशंकपणे होपवेल निवडावे.