सुपरहिरोच्या घरी कोण कोण असतं? एओथ्रीचा रिव्ह्यू, देवगडाहून

आधी मार्क सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. वाचायला पाचपैकी साडेचार. लिहून टाकायला तीन. आणि लहान पोराच्या हातात मोबाईल देऊन 'शोध तुझं कार्टून' म्हणायला शून्य. शून्य का ते खाली आहे, घरात पोरं असतील तर तेवढं तरी वाचाच.

एओथ्री म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिक्शनची साईट. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याला आवडलेल्या कार्टूनमधली, सिरीयलमधली माणसं उचलायची आणि त्यांच्या आपल्या मनातल्या गोष्टी लिहायच्या, हौसेखातर, एक पैसा न घेता. मी तिथे वाचते ते बहुतेक सगळं कार्टूनमधल्या सुपरहिरोंवरचं, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच बाजूने आहे, के-पॉपवाल्यांनी आपला वेगळा लिहावा.

आता सुपरहिरोंवर अजून काय लिहायचं असतं असं वाटेल. कार्टूनचा एपिसोड बावीसेक मिनिटांचा, त्यात व्हिलन येणार, दोन बिल्डिंगा पडणार, हिरो आधी मार खाणार मग देणार, संपलं. पण तो घरी जाऊन जेवतो काय, कपडे फाटल्यावर शिवतं कोण, परीक्षेला बसतो की नाही, हे विचारायचं नाही. आमच्या मालवणी मुलखात कुणी अनोळखी दिसला की पहिला प्रश्न 'तू कोणाचो?' नाव मागाहून. वाडी कुठली, आवस कोण, बापूस काय करता, एवढं कळलं की मग त्याला चहा. माझी आजी टीव्हीवरची कार्टून बघून वैतागायची, 'ह्येका घरदार नाय काय, सारखो मारामारीच करता.' तर फॅनफिकमधलं जे चांगलं लिखाण आहे ना, ते आजीच्या ह्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

बेन टेन घ्या. २००५ ला सुरू झालेलं कार्टून, आपल्याकडे हिंदी डबिंगमध्ये सगळ्यांनी बघितलंय. दहा वर्षांचा पोरगा, मनगटाला ते घड्याळ चिकटलेलं, आजोबा आणि चुलतबहीण यांच्यासोबत सुट्टीभर गाडीतून हिंडतो आणि त्या घड्याळामुळे रोज कुठला तरी एलियन होतो. माझ्या भाच्याने एकदा विचारलं, 'मावशी, बेनची आई त्याला फोन नाय करत?' बरोबर विचारलं पोराने! अख्खी सुट्टी पोर घराबाहेर आहे आणि आईबापांना कशाचा पत्ता नाही, त्यांना कळतं ते पुढच्या सिरीजमध्ये, २००८ ला आलेल्या, तोवर पोरगा पंधरा वर्षांचा घोडा झालाय. मधली वर्षं पूर्ण रिकामी. आणि ही रिकामी जागा लोकांनी एओथ्रीवर काय भरून काढलीय. सुट्टी संपल्यावर शाळेचा पहिला दिवस, 'माझी सुट्टी' निबंधात काय लिहायचं, रात्री झोपेत दचकून उठणारा पोरगा आणि दाराबाहेर उभी राहून विचार करणारी आई. मॅक्स आजोबांवर तर वेगळ्याच गोष्टी आहेत. कार्टूनमध्ये म्हातारा नातवंडांना अळ्याबिळ्या रांधून घालतो म्हणून आपण हसतो, पण त्याने उमेदीची सगळी वर्षं एका गुप्त संघटनेत एलियनांशी लढण्यात घालवलीत आणि नातवंडांना बरेच दिवस एक अक्षर बोललेला नाही. आणि आजी? आजीचं प्रकरण त्या दुसऱ्या सिरीजमध्येच बाहेर येतं, ती माणूसच नाही, निव्वळ ऊर्जेपासून बनलेली बाई. आता ह्या दोघांचा संसार कसा झाला असेल, आणि ती सोडून गेल्यावर म्हातारा कसा राहिला असेल, ह्यावर कार्टूनवाल्यांनी वेळ घालवला नाही, फॅन्सनी घालवला.

टीन टायटन्सचं, म्हणजे २००३ ते २००६ वालं, तेच. पाच पोरं एका टॉवरमध्ये राहतात, मोठं माणूस एकही नाही. त्यातल्या रॉबिनचं खरं नाव त्या कार्टूनने कधी सरळ सांगितलंच नाही, इशारे तेवढे दिले. सायबोर्ग अर्धा मशीन कशामुळे झाला ते कॉमिक्समध्ये नीट आहे, बाप शास्त्रज्ञ, लॅबमधला अपघात, त्यात आई गेली, पण कार्टूनमध्ये त्यातलं जवळजवळ काही नाही, तिथे तो आणि बीस्ट बॉय सकाळच्या नाश्त्याला मटण की टोफू यावर भांडत बसतात. मग फॅन काय करतो, ते भांडण तसंच ठेवतो आणि मध्येच एक वाक्य टाकतो की हा पोरगा एवढं का रांधतो, आई असती तर तिनेच वाढलं असतं. बस. ना फाईट, ना लेझर. अशी एक गोष्ट मी पडवीत बसून वाचलेली, पाऊस धो धो, आणि मला पुढचं दिसेना, पावसामुळे नव्हे.

हे काही रिकामटेकड्या फॅन्सचं खूळ आहे असं म्हणणारे भेटतात, त्यांना मी मिस्टर फ्रीझचं उदाहरण देते. बॅटमॅनचा हा व्हिलन १९५९ ला कॉमिक्समध्ये आला, तेव्हा नाव वेगळं होतं, मिस्टर झीरो, आणि काम काय तर बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या. विनोदीच प्रकार. १९९२ ला बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये पॉल डिनीने त्याला बायको दिली, नोरा. असाध्य आजार, नवऱ्याने तिला गोठवून ठेवलीय उपाय सापडेपर्यंत, आणि कंपनीचा मालक ते यंत्रच बंद करायला निघतो. त्या एका एपिसोडच्या लेखनाला एमी, म्हणजे टीव्हीवाल्यांचं मोठं अवॉर्ड, मिळालं आणि पुढे कॉमिक्सनेही हीच गोष्ट खरी मानली. म्हणजे तेहतीस वर्षं तो माणूस नुसता बर्फवाला होता आणि एका बाईचं नाव घेतल्यावर माणूस झाला. डिनी पगारी लेखक, फॅन बिनपगारी, काम तेच.

असो. साईटकडे येते.

साईट का चांगली, तर एका गोष्टीसाठी: टॅग. प्रत्येक गोष्टीला लिहिणारा टॅग लावतो, कुठलं कार्टून, कुठली पात्रं, कुणाची जोडी, आणि पुढे मनाला येईल ते, 'फाउंड फॅमिली' (रक्ताचं नसलेलं कुटुंब), 'आयडेंटिटी रिव्हील' (हिरोचं गुपित उघडं पडणं), 'हर्ट कम्फर्ट' (आधी दुखणं, मग फुंकर), 'स्लो बर्न' (हळूहळू जुळणारं प्रेम). लोक एकच गोष्ट दहा तऱ्हांनी लिहितात, ते सगळं एकमेकांना जोडून ठेवायला टॅग रँगलर नावाचे स्वयंसेवक आहेत, त्यामुळे तुम्ही कुठलंही स्पेलिंग टाका, बहुतेक वेळा योग्य ठिकाणी पोचता. मी कशी शोधते सांगते. आधी कार्टूनचं नाव. मग फिल्टर उघडायचं, रेटिंगमध्ये 'जनरल' निवडायचं, 'एक्सप्लिसिट' आणि 'मॅच्युअर' एक्सक्लूडमध्ये टाकायचं, पूर्ण झालेल्याच गोष्टी दाखव म्हणायचं (अर्धवट सोडलेल्या गोष्टींनी फार छळलंय मला, सतराव्या चॅप्टरला लेखिका गायब), शब्दसंख्या पाच हजार ते वीस हजार, आणि यादी कुडोजप्रमाणे लावायची. कुडोज म्हणजे तिथलं लाईक, अकाउंट नसलं तरी देता येतं, एका गोष्टीला एकदाच. एवढं केलं की मिरॅक्युलस नावाच्या कार्टूनच्या अवाढव्य फँडममधूनसुद्धा (फँडम म्हणजे एका कार्टूनचा सगळा फॅन-गोतावळा), जिथे नायकाचा बापच खलनायक आहे आणि पोरगं भल्यामोठ्या टेबलावर एकटं जेवतं, तिथूनही नेमक्या त्याला नायिकेच्या घरी, तिच्या आईबापांच्या बेकरीत कुणीतरी पोटभर खाऊ घालतंय अशाच गोष्टी काढता येतात. मला तेच हवं असतं.

दुसरं म्हणजे साईट आपल्या गळ्यात काही मारत नाही. 'तुम्हाला हेही आवडेल' नाही, जाहिरात नाही, नोटिफिकेशनचा तगादा नाही. २००७ मध्ये एक कंपनी फॅन्सच्या लिखाणावर धंदा करायला निघाली होती, तेव्हा चिडलेल्या फॅन्सनी ठरवलं की सर्व्हर आपल्याच मालकीचे पाहिजेत, त्यातून ना-नफा संस्था झाली आणि २००९ च्या नोव्हेंबरात साईट सगळ्यांना खुली झाली. अजून देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवरच चालते. गोष्टी एक कोटीच्या वर आहेत आणि २०१९ ला ह्यूगो हे सायन्स फिक्शनवाल्यांचं अवॉर्डही मिळालंय. मी आधी दुसऱ्या एका स्टोरी ॲपवर होते, नाव नको, तिथे हिरोची आई हॉस्पिटलात शेवटचं काही सांगतेय आणि मध्येच ऑनलाईन रमीची जाहिरात, आणि पुढचा भाग कॉइन घेऊन उघडा. तिथून आल्यावर एओथ्री म्हणजे हुश्श.

आमच्यासाठी तिसरा फायदा सगळ्यात मोठा, तो शहरातल्यांना कळायचा नाही. साईट जवळजवळ नुसत्या अक्षरांची आहे, त्यामुळे रेंजचा एक दांडा असला तरी उघडते. आणि प्रत्येक गोष्ट ईपब (ई-पुस्तकाची फाईल) किंवा पीडीएफमध्ये डाउनलोड होते. जूनला पहिला मोठा पाऊस लागला की इथे लाईटचा काय भरवसा, टॉवरही त्याच लाईनवर, तिकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी म्हणून होड्या वर ओढलेल्या आणि घरातली सगळी माणसं घरात. मी मेच्या शेवटी, आंब्याच्या पेट्या आटोपल्या की, बेगमीचे मासे सुकवतात त्याच हिशोबाने गोष्टी उतरवून ठेवते. २०२३ च्या जुलैत सायबर हल्ला होऊन साईट दिवसभराहून जास्त बंद पडली तेव्हाही हेच उपयोगी पडलं असेल पुष्कळांना. ॲप मात्र नाही हां, अधिकृत ॲप काढलेलंच नाही, प्ले स्टोअरवर दिसतात ती तिऱ्हाइतांची, पासवर्ड देऊ नका.

आता शून्य मार्क. एओथ्रीचं धोरण असं की कायद्यात बसतं ते काहीही ठेवू, फक्त लेबल लावा. तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण परिणाम असा की लहान मुलांच्या कार्टूनच्या नावाखालीच मोठ्यांसाठीचं, अगदी उघडंवाघडं लिखाणही त्याच यादीत असतं, आणि आत शिरायला 'हो, पुढे चला' एवढं एक बटण दाबायचं. वय कोण विचारतंय. शिवाय लेखकाला 'मी वॉर्निंग देत नाही' असाही पर्याय आहे, तो दिसला की मी सोडून देते. भाच्याला मी साईट देतच नाही, आधी स्वतः वाचते, ईपब काढते आणि टॅबवर टाकून देते, वाचताना अडलं की मावशीला विचार.

लिहिणाऱ्यांसाठी मार्क का कापले ते आता. साईट कुणाला ढकलत नाही म्हणजे तुम्हालाही ढकलत नाही. मी बेनच्या आईवर एक गोष्ट टाकली, मराठीत, सुट्टीभर फोनची वाट बघणाऱ्या बाईची. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण ते फिल्टर लावलं की पान इतकं लहान निघतं की स्क्रोलसुद्धा फार करावं लागत नाही. इंग्रजीत लोकांना पानभर कॉमेंट येतात, आपल्याकडे शांतता. बरं साईटची बटणं वगैरे सगळी इंग्रजीत, त्यामुळे काकी-मामी वर्गाला लिंक पाठवली की 'काय दाबू गो?' असा फोन येतो. मराठी वाचकच हवे असतील तर प्रतिलिपीवर आहेत, भरपूर, पण तिथे प्रेमकथा आणि भुताच्या गोष्टींचं राज्य, टीन टायटन्समधल्या रेव्हनचा बाप राक्षस होता म्हटल्यावर लोक भुताच्या विभागात शोधतील. आपल्या छोटा भीमवरसुद्धा कुणी मन लावून लिहिलेलं क्वचित दिसतं. २००८ पासून पोगोवर लाडू खातोय तो, टुनटुन मावशीच्या त्या लाडवांना रवा, तूप, गूळ कुठून येतं, हिशोब कोण ठेवतं, चुटकीला ह्या सगळ्याचं काय वाटतं, लिहा की कुणीतरी!

पैशाचं विचाराल तर तिथे कमाईला पूर्ण बंदी. गोष्टीखाली 'मला चहा पाजा' टाईप लिंकसुद्धा चालत नाही. मला हे बरोबर वाटतं, पात्रं आपली नाहीत, उधार आणलीत.

अकाउंट वाचायला लागत नाही, पण बऱ्याच लेखकांनी एआयवाले गोष्टी उचलून नेतात म्हणून आपलं लिखाण फक्त मेंबरांपुरतं ठेवलंय, तेव्हा काढलेलं बरं. इन्व्हिटेशनच्या रांगेत ईमेल टाकून ठेवायचा, नंबर लागला की मेल येतो, स्पॅममध्येही बघत जा. आणि मराठीत लिहिलंत तर लँग्वेजच्या खान्यात मराठीच निवडा, इंग्लिश नको, नाहीतर आमच्या फिल्टरमध्ये ती गोष्ट येणारच नाही आणि मी इकडे परत तीच तीच वाचत बसेन.