शाळेच्या रंगमंचाचा नामफलक : सांगलीतील एका दगडकाम कार्यशाळेचा अनुभव

सांगलीत कोल्हापूर रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका लहानशा कार्यशाळेत आम्ही आमच्या शाळेच्या नव्या रंगमंचासाठी काळ्या ग्रॅनाइटचा नामफलक कोरून घेतला. काम शेवटी चांगले झाले, पण ते सरळ झाले नाही, आणि त्या वाकड्या वाटेला कार्यशाळेइतकेच आम्हीही जबाबदार होतो. पुढे तक्रारही लिहिणार असल्यामुळे कार्यशाळेचे आणि शाळेचे नाव देत नाही. शाळा, देवस्थान, सोसायटी किंवा ग्रामपंचायत यांच्यासाठी फलक करून घेणाऱ्यांना, आणि विशेषतः फलकावर कोणाचे नाव घालायचे याविषयी ज्यांचे अजून एकमत झालेले नाही त्यांना, हा अनुभव उपयोगी पडावा.

कार्यशाळा म्हणजे एक बसकी पत्र्याची शेड आहे. आत शिरताच डाव्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर तांबड्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, त्या पुराची ती खूण आहे. दगडांना काही झाले नाही, मोटारी आणि कॉम्प्रेसर मात्र गेले, असे मालकांनी सांगितले. त्याच रेघेखाली कोणी न्यायला न आलेले तीस-चाळीस फलक भिंतीला टेकवून ठेवलेले आहेत. एकावर ज्यांचे पद छापले आहे त्यांचे पद उद्घाटनाआधीच गेले, एकावर तारीख चुकली, एका मंदिराच्या फलकावर देणगीदाराच्या आडनावातला रफार भलत्याच अक्षरावर बसला. आपला फलक करायला देण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाने ही रांग पाच मिनिटे पाहावी असे मला वाटते. मी ती पाहिली, पण उशिरा पाहिली.

कामाच्या पद्धतीविषयी मालक नीट समजावून सांगतात, हा या ठिकाणचा मोठा गुण आहे. छिन्नीने हाताने कोरणारे कारागीर त्यांच्याकडे आता नाहीत. लेझरने केलेले कोरीव काम स्वस्त आणि नाजूक असते, पण त्यात दगडाचा वरचा थर फक्त पांढुरका होतो, खोली येत नाही, त्यामुळे उन्हापावसात राहणाऱ्या फलकासाठी ते स्वतःच नको म्हणतात. आमच्यासाठी त्यांनी वाऱ्याच्या दाबाने कोरण्याची पद्धत सुचवली. पॉलिश केलेल्या दगडावर रबराचा जाड चिकट कागद बसवतात, त्यात यंत्राने अक्षरे कापतात, कापलेली अक्षरे चिमट्याने एकेक करून सोलून काढतात आणि मग उघड्या पडलेल्या दगडावर कॉम्प्रेसरच्या जोराने कुरुंदाची भुकटी मारतात. दीड-दोन मिलिमीटर खोली आली की त्यात एनॅमल रंग भरतात आणि शेवटी रबर उतरवतात. अक्षरे सोलण्याचे काम मालकांचा पुतण्या करतो. ‘रंगमंच’ या शब्दातल्या अनुस्वाराचा ठिपका सुईच्या टोकावर उचलताना त्याने श्वास रोखून धरलेला मी पाहिला आहे.

मात्र भुकटी मारताना त्याच मुलाच्या तोंडावर फक्त रुमाल बांधलेला होता. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, आणि वर्षानुवर्षे ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. हे मी मालकांना सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या खेपेलाही रुमालच होता. ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार समजण्यासाठी आमच्या आपापसातले भांडण सांगावे लागेल.

रंगमंचाचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी केला, आणि त्यांच्यातील बऱ्याच जणांची इच्छा होती की त्याला आमच्या दिवंगत मुख्याध्यापकांचे नाव द्यावे. सरांनी तीस वर्षे गणित शिकवले. शिष्यवृत्तीची परीक्षा चौथी आणि सातवीला असायची त्या काळात ते सकाळी ६ वाजता शाळा उघडून पैसे न घेता तास घेत, आणि सातवीत मला शिष्यवृत्ती मिळाली ती त्या तासांमुळेच. थंडीत फळ्यासमोर उभे राहून, मफलर न सोडता, ते त्रैराशिक सोडवत असत. हे सगळे खरे आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

पुढचेही तितकेच खरे आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शालेय पोषण आहाराच्या तांदळात अपहार केल्याबद्दल त्यांची चौकशी झाली, ते दोषी ठरले, रक्कम वसूल झाली आणि निवृत्तीच्या आधीच त्यांना पायउतार व्हावे लागले. या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ मिळतो. चौकशीत जी नोंदवही पुढे आली तिच्यात २०१९ च्या पुराच्या आठवड्यातली पाने होती. शाळेच्या मैदानात पाणी उभे होते, वर्ग बंद होते, मुले आईवडिलांबरोबर निवारा केंद्रांत होती, आणि नोंदवहीत रोज एकच ओळ होती : सहावी ते आठवी, उपस्थिती ३१२, शिजवलेला तांदूळ ४६ किलो ८०० ग्रॅम. गुणाकार करून पाहिला. तो अचूक होता, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रवेशाची नोंद झाली आणि त्या एका नोंदीमुळे २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या नोंदवहीचे वजन एवढे असते. आमच्याकडे त्याच प्रकारच्या वहीने एका चांगल्या शिक्षकाचे नाव बुडवले, आणि ती लिहिणारा हात त्यांचाच होता.

नावाचा प्रश्न सभेत आला तेव्हा दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. नाव द्यावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की तांदळाची रक्कम फार मोठी नव्हती, ती भरली गेली आहे, माणूस वारला आहे, आणि पैसे आमचे असताना नाव कोणाचे हे आम्ही ठरवणार. यातल्या शेवटच्या मुद्द्याला एका वडीलधाऱ्या सदस्यांनी चांगले उत्तर दिले. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी कसे परत पाठवले, ही आमच्या भागात घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट त्यांनी सांगितली आणि विचारले, की देणगीबरोबर भिंतही विकत मिळते हे आपल्याला कोणी शिकवले? शाळेच्या जागेवरील बांधकाम संस्थेचे असते आणि त्याला नाव देण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाच्या ठरावाला असतो, हे मग कोणालाच नाकारता आले नाही.

माझा स्वतःचा मुद्दा यापेक्षा साधा होता. हा रंगमंच वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला वापरला जातो, पण रोज दुपारी त्याच्याच सावलीत मुले ताटल्या घेऊन खिचडी खायला बसतात. सरांचा फोटो आम्ही आमच्या घरात लावावा, त्यांच्या पुण्यतिथीला त्यांच्या अंगणात जमावे, त्यांच्या कुटुंबाने गणिताचे बक्षीस ठेवायचे म्हटले तर त्याला मीही पैसे देईन. पण ज्या मुलांच्या वाट्याचे दीडशे ग्रॅम गेले त्यांच्या धाकट्या भावंडांनी ते नाव डोक्यावर घेऊन जेवावे, हे मला पटेना. मतदान झाले आणि नाव न देण्याचा ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला.

ही सभा रविवारची. फलक मात्र शनिवारीच कोरून झाला होता.

‘मजकूर लेखी दिल्याशिवाय काम सुरू होणार नाही’ अशी पाटी कार्यशाळेच्या दारातच आहे, आणि ती पाहूनच मी निर्धास्त होते. पण नावाच्या बाजूच्या एका सदस्याने परस्पर फोन केला, मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला, ५ हजार रुपये आगाऊ दिले, आणि ओळखीचा माणूस म्हणून मालकांनी ठराव, सही, शिक्का यांपैकी काहीच मागितले नाही. आगाऊ रकमेची पावतीही फाडली गेली नव्हती. सोमवारी मी ठरावाची प्रत घेऊन गेले तेव्हा ३ × २ फुटांच्या त्या दगडावर सरांचे संपूर्ण नाव, आधी ‘कै.’ आणि शेवटी ‘रंगमंच’, सोनेरी रंग भरून वाळत ठेवलेले होते. दिसत सुंदर होते, हे कबूल करते.

मालकांनी चूक झाकली नाही. त्यांनी प्रत दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारले, “ताई, आता पालथा घालू का घासू, तेवढं सांगा.”

दोन्हींचा अर्थ त्यांनी समजावला. कोरलेले अक्षर बुजवून पुन्हा आरशासारखे पॉलिश आणता येत नाही, भरलेली जागा उन्हात तिरपे पाहिल्यावर वाचता येते. म्हणजे अक्षराच्या खोलीपर्यंत सगळा दगड घासावा लागतो. १८ मिलिमीटरच्या लादीतले दोन मिलिमीटर गेले तरी ती टिकते, पण हातमशीनने एवढे घासले की पृष्ठभागावर लाटा राहतात आणि कारखान्यातली चकाकी परत येत नाही. पालथा घालणे म्हणजे लादीची मागची खडबडीत बाजू घासून पॉलिश करायची आणि तिच्यावर नवा मजकूर कोरायचा. जुने नाव भिंतीकडे जाते. नवा दगड घ्यायचा तर जवळजवळ दुप्पट खर्च, आणि जुना त्या तांबड्या रेघेखालच्या रांगेत.

मला घासून हवा होता. समितीने पालथा घालायचे ठरवले, कारण तो स्वस्त पडत होता आणि, माझ्या मते, हरलेल्या बाजूला आपले नाव भिंतीत तरी राहते याचे समाधान मिळत होते. येथे मी हरले, आणि ते मान्य करून पुढे गेले.

यानंतरची सेवा मात्र निर्दोष म्हणावी अशी होती. मालकांनी पूर्ण मापाचा कागदी नमुना छापून शाळेत आणला, भिंतीवर चिकटवला आणि आम्हाला वीस पावले मागे उभे राहून वाचायला लावले. त्यांच्या संगणकावरील अक्षरात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी जी वर्णमाला ठरवली तिच्यात ही दोन्ही अक्षरे मराठी वळणाची आहेत, आणि शाळेच्या भिंतीवर तरी तीच असावीत असा माझा हट्ट होता. बहुतेक दुकानांत यावर ‘चालतंय की’ एवढेच ऐकायला मिळते. येथे त्यांनी दुसरा टंक शोधला आणि ‘शाळा’ हा शब्द तीनदा कापून पाहिला. ठरलेल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशीर झाला, पण त्यातले निदान पाच आमच्या भांडणाचे होते.

खर्चाचे म्हणाल तर मूळ कामाचे १४ हजार रुपये ठरले होते. मागच्या बाजूचे पॉलिश आणि दुसऱ्यांदा कोरण्याचे खरे तर आणखी ९ हजार झाले असते. ठराव न मागता काम सुरू केले ही आपली चूक आहे असे म्हणून मालकांनी त्यातले निम्मेच घेतले, आणि यासाठी मला वाद घालावा लागला नाही.

फलक बसवायला ते स्वतः आले. नवा मजकूर साधा आहे : माजी विद्यार्थी रंगमंच, खाली वर्ष. लादी दोन बाकांवर आडवी ठेवली होती, जुने नाव वर होते आणि मागच्या बाजूला लादी चिकटवण्याचे रसायन लावायचे होते. ज्यांनी परस्पर फोन केला होता ते सदस्यही आले होते. त्यांनी मालकांना एक मिनिट थांबायला सांगितले, खिशातून रुमाल काढून सरांच्या नावातली धूळ अक्षर-अक्षर पुसली आणि मग थापी मागून घेऊन त्या नावावर रसायनाचा पहिला हात स्वतः फिरवला. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मीही लादीचा एक कोपरा धरला, कारण ती चौघांनी उचलायची होती.

कार्यशाळेची शिफारस मी करेन, मात्र मजकूर एकाच जबाबदार व्यक्तीने, ठरावाच्या प्रतीसह, हातात द्यावा आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. त्यांचे बिल नीटनेटके असते. आमच्या बिलावर त्यांनी लिहिले होते, ‘ग्रॅनाइट नामफलक, १ नग, दोन्ही बाजू कोरीव’. भिंतीकडच्या बाजूला काय कोरले आहे आणि त्याचे पैसे का दिले, असे हिशेब तपासनिसांनी विचारले, तेव्हा खजिनदार या नात्याने मला व्हाउचरच्या समासात लिहावे लागले : मागील बाजूचा मजकूर रद्द, पाहा ठराव क्रमांक ४.