फूड पँट्रीसाठीची चॅरिटी राइड आणि फन रन: राइडला जा, रनला जरा विचार करून, आणि टी-शर्ट घेऊच नका

फूड पँट्री म्हणजे गरजूंना खाण्याचं सामान फुकट देणारी जागा, तिच्यासाठी पैसे जमवणाऱ्या इव्हेंटला सलग दुसऱ्या वर्षी जाऊन आले म्हणून लिहायला बसलेय. पहिल्या वर्षी मी एकटीच सायकल घेऊन गेले होते, यंदा नवरा आणि लेक दोघांनाही फन रनला नेलं त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्या. इव्हेंटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली बरीच कुरकुर केलीये आणि ती सगळी माणसं व्हॉलंटियर आहेत, फुकट राबणाऱ्यांना नावानिशी बोलणं काही बरं दिसत नाही. पण असे इव्हेंट अमेरिकेत पुष्कळ गावांत होतात, त्यामुळे तुमच्या इकडच्या इव्हेंटला काय बघून पैसे भरायचे एवढं तरी यातून कळेल.

आधी पैशांचं. राइड ५० डॉलर, फन रन ३०, बारा वर्षांखालच्या मुलांना १०. पन्नास ऐकून पहिल्या वर्षी मी मनात म्हटलं, रस्ता सरकारचा, सायकल माझी, पाय माझे, मग पन्नास कसले? तर रजिस्ट्रेशनच्या टेबलावर एक साधा छापील कागद चिकटवलेला होता, मागच्या वर्षीचा हिशोब. इन्शुरन्स, पोलीस, पोर्टेबल टॉयलेट, केळी आणि पाणी हा सगळा खर्च स्पॉन्सरांकडून, आणि आपण भरलेली फी पूर्ण पँट्र्यांना, कुठल्या पँट्रीला किती तेही लिहिलेलं. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. हा कागद जिथे दिसत नाही तिथे विचारा, लाजू नका. मोठ्या संस्थांचा फॉर्म ९९०, म्हणजे टॅक्स खात्याला दरवर्षी द्यायचा हिशोब, कोणालाही बघता येतो, पण वर्षाची जमा साधारण ५० हजार डॉलरच्या आत असलेल्या छोट्या संस्था नुसतं ९९०-एन भरतात, ते म्हणजे अक्षरशः पोस्टकार्ड, त्यातून पैसे कुठे गेले ते काही कळत नाही. म्हणून टेबलावरच्या कागदाला महत्त्व.

आता सायकलचं. तीन रूट होते, १२ मैल, २५ मैल आणि ६२ मैल. ६२ म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर, मेट्रिक सेंच्युरी म्हणतात त्याला, आणि तो करणारी मंडळी वेगळीच असतात, सातला सुटली पण, आम्ही पार्किंगमध्ये गाडीवरनं सायकल उतरवत होतो तेव्हा. मी २५ वाली, म्हणजे चाळीस किलोमीटर, साधी हायब्रिड सायकल आणि मागच्या रॅकवर एक जुनी पिशवी. सुरुवातीलाच एक मेकॅनिक आजोबा बसले होते, प्रत्येकाच्या टायरला अंगठा लावून बघायचे आणि हवा भरून द्यायचे, माझा मागचा ब्रेक घासतोय हे मला सहा महिने कळलं नव्हतं ते त्यांनी चाक एकदा फिरवून सांगितलं आणि दोन मिनिटांत नीट करून दिलं. हेल्मेट नसेल तर सोडत नव्हते, एकजण हुज्जत घालत होता, त्याला शांतपणे बाजूला बसवलं. बरोबरच आहे.

रस्ते बंद केलेले नव्हते हे लक्षात घ्या. ही रेस नाही, सिग्नलला थांबायचं, एका ओळीत चालायचं, मागून गाडी आली की ‘कार बॅक’ ओरडायचं, कोणाला ओलांडायचं तर ‘ऑन युअर लेफ्ट’. पहिल्यांदा ओरडताना संकोच वाटतो, पाचव्या मैलापर्यंत आपण गल्लीतल्या भाजीवालीसारखे ओरडायला लागतो. प्रत्येक रूटच्या रंगाचे बाण रस्त्यावर मारलेले होते आणि ते छान मोठे होते, फक्त एका चौकात नेमका बाणावर कोणाचातरी ट्रेलर उभा होता आणि आम्ही आठजण सरळ मक्याच्या शेतात. दोन मैल गेल्यावर एकाने फोन काढला, रूटची फाइल बघितली, मग वळलो. एवढ्यासाठी फाइल आधी फोनमध्ये घालून ठेवा, कुठे वळायचं याची कागदी यादी, क्यू शीट, देतात पण ती खिशात घामाने भिजते आणि मग वाचायला काही उरत नाही. सॅगची गाडी, म्हणजे वाटेत अडलेल्यांना मदत करणारी, मात्र झकास, मागेपुढे फिरत होती, एकीची चेन तुटली तर दहा मिनिटांत हजर.

आणि आता मी ज्यासाठी हे लिहितेय ते. २५ मैलवाल्यांचा रेस्ट स्टॉप पँट्रीच्याच पार्किंग लॉटमध्ये ठेवलाय. चर्चच्या तळघरातली पँट्री, आणि टॉयलेट आत, म्हणजे तुम्हाला आत जावंच लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, आणि रांग बरोबर पँट्रीच्या दारासमोरून जाते. ज्याने कोणी हा रूट आखला तो हुशार आहे. इतकी वर्षं मला फूड बँक आणि फूड पँट्री एकच वाटायचं. फूड बँक म्हणजे मोठं गोडाऊन, तिथून माल पँट्र्यांकडे जातो, आणि माणसं येतात ती पँट्रीत. पहिली फूड बँक फीनिक्सला १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली, आज एकट्या फीडिंग अमेरिका या संस्थेच्या जाळ्यात २०० च्या आसपास फूड बँका आणि त्यांच्या जोडीला ६० हजार पँट्र्या आणि जेवणाचे कार्यक्रम आहेत. यातल्या पुष्कळ पँट्र्या अशाच, तळघरात, आठवड्यातून दोन दिवस उघड्या, सगळे व्हॉलंटियर.

आत दुकानासारखी मांडणी होती, फळ्या, छोट्या ढकलगाड्या, लोकांनी स्वतः निवडून घ्यायचं. आधी म्हणे भरलेली खोकी द्यायचे, मग त्यातलं निम्मं कोणाला खाता यायचं नाही, कोणाला डायबेटिस, कोणाकडे स्वयंपाकाला नुसता मायक्रोवेव्ह. दारावर एक पांढरा बोर्ड होता. ‘आत्ता हवंय: डायपर ५ आणि ६ नंबर, शाम्पू, सॅनिटरी पॅड, पीनट बटर, ओढून उघडणारे डबे.’ आणि खाली, लाल पेनाने, ‘नको: क्रॅनबेरी सॉस.’ मी हसले तर आतल्या बाई म्हणाल्या, हसू नका, थँक्सगिव्हिंगचे उरलेले एवढे डबे आहेत की आम्ही त्याने दार अडवतो. डायपरचं कारण विचारलं तर त्यांनी सांगितलं, स्नॅपच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकार अन्नासाठी मदत देतं त्या कार्डावर फक्त खायचं मिळतं, डायपर नाही, साबण नाही, पॅड नाही. मला हे माहीतच नव्हतं आणि मी इथे राहून किती वर्षं झाली ते सांगत नाही.

मग त्यांनी फ्रीझर दाखवला. खोलीएवढा, मागच्या उन्हाळ्यात त्याचा कॉम्प्रेसर गेला होता आणि नवीन बसवायला मागच्या राइडचे पैसे वापरले. म्हणजे मी गेल्या वर्षी जे पन्नास भरले त्यातला काही भाग त्या घरघरणाऱ्या डब्यात आहे. फ्रीझर नसला तर फूड बँकेकडून येणारं चिकन आणि दुकानं देतात ते मांस घेताच येत नाही, परत पाठवावं लागतं. कोणी म्हणेल यात काय मोठं, पण हजार फोटो आणि भाषणांपेक्षा मला तो कॉम्प्रेसर जास्त पटला. हा कार्यक्रम जूनमध्ये का ठेवतात तेही तिथेच कळलं. शाळा बंद झाल्या की मुलांचं शाळेतलं दुपारचं जेवण बंद, घरी खाणारी तोंडं वाढतात, आणि देणगी देणाऱ्यांना आठवण येते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा २०२३ चा आकडा आहे, १३.५ टक्के घरांमध्ये वर्षात कधी ना कधी पुरेसं खायला मिळेल याची खात्री नव्हती, माणसं मोजली तर ४ कोटी ७४ लाख. म्हणजे आपल्या ऑफिसातही असणार कोणीतरी, बोलत नसणार.

रेस्ट स्टॉपवर खायला केळी, संत्री, पीनट बटर सँडविच आणि लोणच्याचं पाणी. हो, काकडीच्या लोणच्याचं पाणी, छोट्या कपात, पायात गोळा येऊ नये म्हणून पितात. मी प्यायले. पुन्हा पिणार नाही.

आता फन रन, आणि इथे मार्क कापतेय. पाच किलोमीटर म्हणजे ३.१ मैल, पार्कला दोन फेऱ्या. प्रत्येकाची वेळ मोजणारी चिप नाही, शेवटाला एक मोठं घड्याळ तेवढं, त्याला माझी हरकत नाही, नावातच फन आहे. पण नऊला रन सुटणार आणि त्याच कमानीखालून नऊलाच १२ मैलवाली सायकल सुटणार, हे कोणी ठरवलं? छोटी छोटी मुलं सायकलवर, त्यांचे आईबाप, बाबागाड्या, कुत्री आणि मध्ये पळणारे. कोणी पडलं नाही हे नशीब. लेक शाळेत क्रॉस कंट्री पळते, ती पुढे जायला बघत होती तर समोर चार बाबागाड्या एका रांगेत, पहिली फेरी तिने अक्षरशः चालत काढली आणि दुसऱ्या फेरीत राग काढला. नवरा चालणारा, त्याला सगळं छान वाटलं, तो वाटेत तीन लोकांशी ओळख करून आला. पळणारे पुढे, चालणारे मागे, बाबागाड्या सगळ्यात शेवटी, हे सांगायला एक माणूस आणि एक भोंगा पुरेसा होता. पाणी फक्त एका ठिकाणी, जूनच्या उन्हात हे कमी आहे. आणि शेवटाला चालणारे पोचले तेव्हा खायचं संपलेलं. भुकेसाठी चाललेल्या कार्यक्रमात शेवटच्या माणसाला केळं नाही, हे त्यांनाही लागलं असणार, एक मुलगी बिचारी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरत होती. मी संयोजकांना मेल करून कळवलंय, उत्तर आलं की पुढच्या वेळी रन साडेनवाला करतील. बघू.

टी-शर्ट. फॉर्मवर खाली बारीक अक्षरात ‘शर्ट नको’ असा पर्याय आहे, तो शोधून टिक करा. मागच्या वर्षी मी घेतला, अंगाला चिकटणारं ते कापड, मागे सतरा स्पॉन्सरांची नावं, आता त्याने सायकलची चेन पुसते. यंदा घेतला नाही तर ते पैसेही पँट्रीला गेले.

शेवटाजवळ एक मोठा पिंप ठेवला होता, खाण्याचे डबे आणून टाका म्हणून, आणि लोक हौसेने टाकत होते, फोटो काढत होते. ते चांगलंच आहे, पण तळघरातल्या त्या बाईंशी बोलून आल्यावर मला तो पिंप बघवेना. आपण दुकानातून पूर्ण किमतीत एक डबा घेतो, त्याच पैशात पँट्रीला फूड बँकेमार्फत कितीतरी जास्त माल मिळतो, शिवाय आलेला प्रत्येक डबा कोणीतरी हातात घेऊन तारीख बघून, चेपलाय का बघून लावायचा असतो. टाकायचंच असेल तर बोर्डावर जे मागितलंय ते टाका. घरात पडलेलं, आपल्यालाच नको असलेलं चेस्टनटचं काहीतरी पिंपात टाकून हात झटकणारेही दिसले, आणि खोटं कशाला बोलू, आमच्या पिशवीतही मागच्या वर्षी असं एक होतं.

टॅक्सबद्दल दोघातिघांनी विचारलं म्हणून पटकन: फी भरली म्हणून पूर्ण रक्कम वजा दाखवता येत नाही, बदल्यात जे मिळालं त्याची किंमत आधी कापायची. एका वेळी ७५ डॉलरच्या वर भरलं आणि बदल्यात काही मिळालं तर ते किती किमतीचं हे संस्थेने लेखी सांगायला हवं, आणि २५० किंवा जास्त देणगी असेल तर पावतीचं पत्र नक्की मागून ठेवा. तुमच्या नावावर मित्रांनी जे पैसे दिले त्यांची वजावट त्यांना, तुम्हाला नाही.

तर राइडला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, तो अर्धा त्या ट्रेलरवाल्याने घालवला. रनला तीन. पहिल्यांदा जाणार असाल तर २५ चाच रूट घ्या, १२ वाला पँट्रीला जात नाही, त्यांचा स्टॉप एका शाळेच्या मैदानात असतो, आणि ६२ वाले म्हणे पँट्रीपाशी चार मिनिटंही थांबत नाहीत. दोन बाटल्या ठेवा, सनस्क्रीन मानेला मागूनही लावा. पार्किंग साडेसातला भरतं. लेक म्हणतेय पुढच्या वर्षी रन नको, मी तुझ्याबरोबर सायकलवर येते आई, पण तिची सायकल तिला लहान पडायला लागलीये, ते आजोबा शनिवारी जुन्या सायकली दुरुस्त करून विकतात असं कोणीतरी म्हणत होतं, त्यांच्याकडे एक चक्कर मारून येणार आहे.