हायवेलगतचा कणसांचा ठेला, आयोवा: 5 पैकी 4 तारे

कॉलेजच्या सुट्टीत एम्सहून घरी आले की जुलैच्या मध्यापासून आमची फेरी ठरलेली. ठेला कसला, शेताच्या कडेला उभा केलेला पिकअप ट्रक. विकायला बहुतेक वेळा कुणीच नसतं. कुलूपबंद डब्यात डझनाचे 8 डॉलर टाकायचे नि कणसं उचलायची. बाबा आधी आजूबाजूला बघतात, मग पैसे टाकतात. साक्षीदार हवा म्हणे!

दाणे पिवळे-पांढरे, तोडणी त्याच सकाळची. तोडल्यावर साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून त्याच दिवशी खा. उकडून लोणी लावलं की बास. आईला मात्र निखाऱ्यावर भाजून तिखट-मीठ-लिंबू हवं, आणि एक तारा तिथेच कापला: हा मका फार रसाळ, देशी कणसासारखा खरपूस होत नाही.

रस्त्याकडेला मैलोनमैल दिसतो तो मका हा नव्हे, बरं का. तो बहुतेक जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातो. पाहुण्यांनी तिथून तोडायचा मोह आवरावा.

सकाळीच जा, सुट्टे डॉलर न्या. डब्याला कार्ड चालत नाही.