सिमच्या लाइनवर ऑफिसचे कॉल: फिक्स लिमिट की ऑटोरेट?

भोसरी एमआयडीसीत सिमच्या राउटरवर ऑफिस चालवणाऱ्यांना क्यूओएस (कोणता डेटा आधी सोडायचा ते राउटरने ठरवणं) कशाला लागतं ते सांगायला नको. प्रश्न एवढाच की राउटरमध्ये लाइनचा फिक्स स्पीड टाकून कॉलना प्रायॉरिटी द्यायची की केकसोबत (राउटरमधली डेटाची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्पीडची लिमिट आपोआप बदलणारी ऑटोरेट स्क्रिप्ट चालवायची. मी दोन्ही वापरलंय, आमच्याकडे आयपी फोन, रिमोटवरची टॅली आणि कस्टमरला जाणारी जड ड्रॉइंग, सगळं एकाच लाइनवर.

फिक्सवाली पद्धत वाईट नाही. समजायला सोपी, स्वस्तातला राउटरही ओढतो, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हात बसलेला असेल तर लगेच होतं.

पण तिचा सगळा डोलारा एका आकड्यावर, आणि सिमच्या लाइनला असा आकडाच नसतो. सकाळी अपलोड ऐसपैस मिळतो म्हणून समजा १० एमबीपीएस टाकलं, संध्याकाळी शिफ्ट सुटली, रस्ता तुंबला, सगळ्यांचे मोबाइल त्याच टॉवरवर आले की हातात ४ उरतात, मग रांग राउटरमध्ये लागतच नाही, मोडेममध्ये लागते आणि मोडेमला तुमची प्रायॉरिटी माहीतच नाही. इकडे ड्रॉइंग चढतंय, तिकडे कस्टमर "हॅलो, आवाज तुटतोय" म्हणतोय, आणि माल निघाला का विचारणारे फोन नेमके तेव्हाच येतात. जी.७११ (आयपी फोनमध्ये आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) चा एक कॉल ९० केबीपीएसच्या आत बसतो, म्हणजे स्पीड पुरतो, पॅकेट रांगेत अडकतात. आकडा ३ वर आणला की कॉल नीट, पण सकाळची बरीचशी लाइन वाया. रोज लॉगिन करून तो आकडा खालीवर करायचा, ह्याच कटकटीने माझा निर्णय केला.

केक-ऑटोरेट सतत पिंग मारून बघतं, उशीर वाढला की शेपरचा (राउटरमधल्या लिमिटचा) स्पीड स्वतःच खाली आणतं, लाइन मोकळी झाली की वर नेतं. मी मीटर लावून मोजलेलं नाही, पण अपलोड चालू असताना कॉल बोलण्यासारखे राहतात आणि अकाउंटच्या ताईंची "टॅली अडकली" ही हाक बंद झालीये. अर्थात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) चालणारा, बऱ्या प्रोसेसरचा राउटर लागतो, पिंगला थोडा डेटा जातो आणि स्पीड एकदम पडला तर कॉल क्षणभर अडखळतो.

टॉवरवर मात्र दोन्हींचं काही चालत नाही. व्होल्टीच्या (मोबाइलवरच्या साध्या ४जी) कॉलला क्यूसीआय १ ची, म्हणजे नेटवर्कने कॉलसाठी राखलेल्या दर्जाची, वेगळी वाट मिळते, आपला आयपी फोन साध्या इंटरनेट डेटातच जातो, पॅकेटवर डीएससीपी ४६ ("हा आवाज आहे, आधी सोडा" असा शिक्का) मारलं तरी.

छतावर अँटेना आहे आणि स्पीड दिवसभर साधारण सारखाच मिळतो, अशांनी फिक्सच ठेवलं तरी चालेल. बाकी आमच्यासारख्यांनी मला वाटतं ऑटोरेटच बघावं, फक्त त्यातला किमान स्पीड सकाळचा टेस्ट बघून टाकू नका, शिफ्ट सुटायच्या वेळेला जो मिळतो तो टाका.